डीव्हीडी भाड्याने घेताय? रिव्ह्यू वाचताना या चुका टाळा

नेटफ्लिक्स अमेरिकेत पोस्टाने डीव्हीडी भाड्याने द्यायची, तिने २९ सप्टेंबर २०२३ रोजी लाल पाकिटातली शेवटची डिस्क पोस्टात टाकली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये दुकानांबाहेरच्या यंत्रांतून डिस्क भाड्याने देणाऱ्या रेडबॉक्सचाही दिवाळखोरीत कारभार आटोपला. अमेरिकेत आता उरल्यात त्या छोट्या सेवा. गेमफ्लाय गेमबरोबर सिनेमेही देते, सिएटलचं स्केअरक्रो व्हिडिओ पोस्टाने डिस्क पाठवतं, शिवाय दोन-चार माणसांच्या बळावर चाललेल्या काही साइट आहेत. ब्रिटनमध्ये सिनेमा पॅराडिसो आहे. स्ट्रीमिंगवर न मिळणारा जुना सिनेमा किंवा दिग्दर्शकाची कॉमेंट्री हवी असेल तर तिकडच्या मराठी मंडळींनाही हाच रस्ता. फक्त कार्ड नंबर देण्याआधी रिव्ह्यू नीट वाचता आले पाहिजेत.

बंद पडलेल्या दुकानांच्या याद्या

‘सर्वोत्तम दहा डीव्हीडी सेवा’ छाप लेखांवर तारीख यंदाची असते आणि यादीत नेटफ्लिक्सची डिस्कसेवा दिमाखात बसलेली असते. ब्रिटनच्या यादीत लव्हफिल्म दिसली तर लेख तिथेच बंद करा, तिची टपालसेवा २०१७ सालीच संपली. तारीख बदलायला एक क्लिक पुरते. म्हणून लेखाची तारीख सोडा आणि सेवेच्या साइटवर गेल्या महिन्या-दोन महिन्यांत आलेल्या डिस्क दिसतात का ते बघा. नवी भर थांबलेली असेल तर कितीही गोड रिव्ह्यू असोत, वार्षिक वर्गणी भरू नका.

अशा याद्यांचं पोटपाणी बहुधा कमिशनवर चालतं. तुम्ही त्यांच्या लिंकवरून फुकट चाचणी सुरू केलीत की लिहिणाऱ्याला पैसे. कमिशन घेणं गुन्हा नाही, पण ते सांगावं लागतं. कंपनीनेच चालवलेली साइट ‘निःपक्ष परीक्षण’ म्हणून मिरवणं आणि खोटे रिव्ह्यू विकत घेणं या दोन्हींवर बंदी घालणारा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा (ग्राहकहित जपणारी सरकारी संस्था) नियम २१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे. तरी खात्री आपली आपणच करायची. एकाही सेवेची एकही तक्रार नसलेली यादी मी तरी परीक्षण म्हणून वाचत नाही.

नव्याचे नऊ दिवस

सगळ्यात मोठी चूक इथे होते. बरेच पाच-तारे रिव्ह्यू पहिल्या महिन्यात लिहिलेले असतात. ‘सोमवारी मागवली, बुधवारी हातात!’ बरोबर आहे, पण नव्या गिऱ्हाइकाला कोण ताटकळत ठेवेल? नेटफ्लिक्सवर याच मुद्द्यावरून २००४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका ग्राहकाने खटला भरला. जाहिरातीत ‘अमर्याद’ डिस्क. प्रत्यक्षात जो भराभर बघून भराभर परत करायचा, त्याच्या वाट्याला उशीर आणि त्याने मागितलेल्या यादीतले खालचे सिनेमे यायचे. प्रत्येक पाकिटाचा टपालखर्च कंपनीचा, त्यामुळे जास्त बघणारा गिऱ्हाईक तिला महागात पडतो, हे त्यामागचं साधं गणित. कमी डिस्क घेणाऱ्यांना प्राधान्य मिळतं असं कंपनीने पुढे अटींमध्ये लिहून टाकलं, आणि चूक कबूल न करता खटला तडजोडीने मिटवला.

म्हणून रिव्ह्यू वाचताना आधी एवढंच शोधा की हा माणूस किती महिने गिऱ्हाईक होता. सहा महिन्यांनंतर तीन तारे देणाऱ्याचं म्हणणं सावकाश वाचा. ‘आधी आठवड्याला दोन यायच्या, आता एकच येते’ असं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या तारखांना लिहिलं असेल तर ते खरं धरायला हरकत नाही. सेवा सोडलेल्या माणसाचा रिव्ह्यू तर सोन्यासारखा. वर्गणी बंद कशी झाली, शेवटची डिस्क पोहोचल्याची नोंद झाली की हरवल्याचे पैसे कापले, हे फक्त तोच सांगू शकतो.

ताऱ्यांचा अर्थ

कंपन्यांना श्रेणी देणाऱ्या अमेरिकेतल्या बेटर बिझनेस ब्युरो या खासगी संस्थेचा ‘ए प्लस’ बघून लोक निर्धास्त होतात. ती श्रेणी ग्राहकांच्या रिव्ह्यूंवरून ठरतच नाही, कंपनी तक्रारींना कशी सामोरी जाते असल्या गोष्टींवरून ठरते. तिथे श्रेणीपेक्षा तक्रारींचं पान उपयोगाचं, कारण तारीख आणि कंपनीचं उत्तर दोन्ही दिसतं. ट्रस्टपायलट या रिव्ह्यूंच्या साइटवर रिव्ह्यू कंपनीच्या आमंत्रणावरून आला असेल तर तशी खूण असते. सगळं कौतुक आमंत्रितांचं आणि सगळा संताप आगंतुकांचा असेल, तर काय समजायचं ते समजा.

उलट काही एक-तारा रिव्ह्यूंमध्ये सेवेचा दोष नसतोच. ‘डिस्क चालत नाही’ लिहिणाऱ्याचा प्लेअर कदाचित भारतातून आणलेला असतो. डिस्क आणि प्लेअर जगातल्या ठरावीक भागापुरते, म्हणजे ‘रीजन’पुरते, बांधलेले असतात. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५, अमेरिका १, ब्रिटन २. ब्लू-रेला अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी. प्लेअर सर्व रीजनचा नसेल तर बिचारी सेवा काय करणार?

मोठा आकडा, रिकामी मांडणी

‘हजारो सिनेमे’ म्हणजे हजारो नावं. प्रत्येकाच्या प्रती किती, ते कोणी सांगत नाही. पैसे भरण्याआधी आपल्याला खरोखर बघायचेत ते आठ-दहा सिनेमे शोधा आणि पुढे ‘उपलब्ध’ लिहिलंय की ‘बरीच प्रतीक्षा’, ते पाहा. मराठी सिनेमेही शोधून बघा, फार आशा मात्र ठेवू नका.

मग पत्ता बघा. समजा महिना १५ डॉलर, एका वेळी दोन डिस्क. टपालाला जायला तीन दिवस, यायला तीन, तुम्ही दोन दिवस ठेवता, गोदामात एक दिवस. म्हणजे फेरा नऊ दिवसांचा, महिन्याला सहा-सात डिस्क, दर डिस्क सव्वादोन डॉलर. गोदाम देशाच्या दुसऱ्या टोकाला असेल आणि टपालाला पाच-पाच दिवस लागले, तर फेरा तेरा दिवसांवर जातो आणि तीच डिस्क सव्वातीन डॉलरला पडते. साइटवर पत्ताच नसेल तर पुढचं गणित मांडूच नका.

डिस्क अडकली तर

पाकिटातून काढल्यावर आधी मधल्या भोकाभोवतीचं पारदर्शक कडं उजेडात धरा. टपालाच्या यंत्रांत वाकून तिथे केसाएवढी चीर पडते, आणि प्लेअरमध्ये फिरताना ती वाढत जाते. चीर दिसली तर डिस्क लावू नका, फोटो काढा आणि त्याच दिवशी कळवा. नुसते बोटांचे ठसे असतील तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. तरीही अडकली तर दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा, मगच तक्रार करा.

पैसे आणि निरोप

वर्गणी डेबिट कार्डावर नको, क्रेडिट कार्डावर घ्या. अमेरिकेत चुकीच्या आकारणीबद्दल स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत बँकेकडे लेखी हरकत घेता येते. भारतात असल्या वर्गणीच्या सापळ्याला २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला फसवणारी साइटची रचना) मार्गदर्शक सूचनांनी नाव दिलंय, तक्रारीसाठी १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ‘वर्गणी बंद करा’चं बटण खात्यात कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. बंद करायला फोनच करावा लागत असेल तर फुकट चाचणीसुद्धा नको. आणि सेवा सोडताना शेवटची पाकिटं घराबाहेरच्या पेटीत न टाकता टपाल कार्यालयात नेऊन द्या, पावती मागा आणि ‘डिस्क मिळाली’ची ईमेल येईपर्यंत ती जपून ठेवा.