फांदी कापायची, पण कुठून?

करवत उचलण्याआधी मी झाडाभोवती एक फेरी मारतो आणि मान वर करून बघतो. फांद्यांजवळून विजेची तार जात असेल तर ते काम आपलं नाही, वीजवाल्यांचं आहे. हिरव्या फांदीतूनही वीज हातापर्यंत येऊ शकते. मधमाश्यांचं पोळं किंवा पक्ष्याचं घरटं दिसलं तर छाटणी पुढे ढकलायची.

आधी वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा. पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. हिरव्या फांद्या एका वर्षात पाव हिश्श्याहून जास्त काढू नका, म्हाताऱ्या झाडाच्या तर त्याहूनही कमी. पानझडीची झाडं निष्पर्ण असताना छाटावीत, फुलझाडं बहर ओसरल्यावर लगेच.

आता मुद्द्याचं. फांदी खोडाला मिळते तिथे बुडाशी सालीचा सुरकुतलेला फुगवटा असतो, दुमडलेल्या बाहीसारखा. हा फुगवटा फांदीचा नाही, खोडाचा. जखम मिटवणारी नवी साल इथूनच कड धरत येते. म्हणून काप घ्यायचा तो फुगवट्याच्या लगेच बाहेर. फुगवट्यासकट खोडालगत सपाट कापलं की जखम मोठी होते आणि कूज थेट खोडात शिरते. दिसतं मात्र छान गुळगुळीत, म्हणून हौशी माळी नेमकं तेच करतात! उलट वीतभर खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो आणि साल त्याच्यावरून मिटत नाही.

मनगटाएवढी जाड फांदी एका दमात कापली तर पडताना खोडाची साल सोलत नेते. तिला तीन काप द्यायचे. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, पाव ते एकतृतीयांश जाडीपर्यंत; करवत आवळली जायला लागली की थांबायचं. दुसरा त्याच्या दोनतीन बोटं पुढे, वरून. फांदी मोडून पडते आणि साल फाटलीच तर पहिल्या कापापाशी थांबते. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट फुगवट्याबाहेरून सावकाश काढायचा.

जखमेला डांबर, ऑइलपेंट फासू नका. अमेरिकी वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून पाहिली. त्यांना दिसलं ते असं: वरून साल मिटली तरी झाड आतली जखम भरून काढत नाही, इजा झालेला भाग आतून बंदिस्त करतं. रंगाने कूज थांबत नाही. फळबागेत रोगावर लावतात त्या बोर्डो पेस्टची गोष्ट वेगळी.

उंची कमी करायला शेंडाच उडवणं हा तर शुद्ध आडदांडपणा. त्या जागी पानसोटांचं, म्हणजे सरळसोट वाढणाऱ्या फुटव्यांचं, रान माजतं, त्यांची पकड वरवरची असते आणि पुढे वाऱ्यात तेच मोडून पडतात.

शिडीवर चढून चेनसॉ चालवायचाच नाही. जमिनीवर उभं राहून लांब दांड्याची करवत वापरा, तीही फांदीच्या बरोबर खाली न थांबता. डोळ्यांना चष्मा, डोक्याला हेल्मेट, सोबत एक माणूस. एवढ्याने जमणार नसेल तर जाणकार माणूस बोलवा. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पातं 70 टक्के अल्कोहोलने पुसून घ्या, रोगट फांदी कापली असेल तर हटकून.