जिम्नीला मोठी चाके आणि टायर लावताना या चुका टाळा

मारुती सुझुकीची जिम्नी ही फोर बाय फोर गाडी घरी येऊन महिना होत नाही, तोच नव्या मालकाला टायर बदलण्याची घाई सुटते आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, "सगळ्यात मोठा कोणता बसेल?" २०२३ च्या जूनमध्ये ही गाडी भारतात विक्रीला आली, तेव्हापासून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, आता मी उलट विचारतो : गाडी नेमकी कुठे जाणार आहे, आणि वर्षातले किती दिवस? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे नाहीत, त्याने कंपनीचे टायर झिजेपर्यंत थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली चूक मापे न वाचण्याची. जिम्नीला कंपनीकडून १९५/८० आर १५ टायर येतो, म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १५ इंची. याचा एकूण व्यास ६९३ मिलिमीटर होतो. लोकांच्या आवडीच्या २३५/७५ आर १५ चा व्यास साधारण ७३४ भरतो. हा ४१ मिलिमीटरचा फरक पाहून गाडी तेवढी उंच होईल असे वाटते, पण आस चाकाच्या मध्यावर असल्यामुळे जमिनीपासूनची उंची त्याच्या निम्मीच, जेमतेम २० मिलिमीटर वाढते. त्याची किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी साडेत्रेसष्टच्या आसपास असते, आणि १३४ न्यूटन-मीटर टॉर्कच्या दीड लिटर इंजिनाला प्रत्येक गिअर सुमारे सहा टक्के जड जातो. घाटात दुसऱ्या गिअरवर आरामात चढणारी गाडी मग पहिला गिअर मागू लागते. बहुतेकांची गरज २१५/७५ आर १५ भागवतो.

आता त्या चुकीविषयी, जी मला सर्वांत जास्त खटकते : ऑफसेट न पाहता रिम घेणे. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला (आसाच्या टोकाच्या, चाक बसते त्या भागाला) टेकणारी तिची बाजू यांतले अंतर म्हणजे ऑफसेट. जिम्नीची मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि अधिक ५ ऑफसेटची आहे. तिच्या जागी सात इंच रुंद, उणे २० ऑफसेटची रिम लावली, तर बाहेरची कड तब्बल ४४ मिलिमीटर पुढे येते. फोटोत गाडी रुबाबदार दिसते खरी, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो, स्टिअरिंग खड्ड्यात हिसके देऊ लागते आणि चिखल मडगार्डबाहेरून थेट दारांवर उडतो.

२०२४ च्या पावसाळ्यात अशाच रिम आणि २३५ चे टायर लावलेली एक जिम्नी आमच्याबरोबर ताम्हिणीच्या बाजूला आली होती. मालक तरुण होता आणि दुकानात स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिल्यामुळे निश्चिंत होता. दुकानातली फरशी सपाट होती. जिम्नीला पुढे-मागे अखंड आस आहे, म्हणजे डावे-उजवे चाक एकाच दांड्याने जोडलेले, त्यामुळे एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली जाते आणि वर गेलेले चाक मडगार्डच्या पोकळीत घुसते. ओढ्याकडे उतरणाऱ्या वळणावर नेमके तेच झाले. डावे चाक दगडावर, स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे आणि टायरच्या खांद्याने (रस्त्यावरचा भाग आणि कड जुळतात तिथे) बंपरचा कोपरा पकडला. आतले प्लास्टिकचे अस्तर फाटून टायरभोवती गुंडाळले गेले आणि चाक ना पुढे फिरेना, ना मागे. पावसात, उतारावर, जॅक लावून ते अस्तर चाकूने कापून काढायला आम्हांला दीड तास लागला. टायरच्या खांद्यावर बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती आणि तीतून आतले धागे दिसत होते. नवा कोरा टायर तिथेच बाद झाला.

तेव्हापासून माझी एक सवय पक्की झाली आहे. नवे चाक बसवले की पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवतो, टायरच्या खांद्याला खडू फासतो आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवतो. मग ठोकळे बाजू बदलून ठेवतो आणि हेच पुन्हा करतो. खडू जिथे उमटतो, तिथे टायर घासतो. आतल्या बाजूला आसाला धरणाऱ्या आर्मवरही नजर टाकावी, कारण मूळ रिमवर रुंद टायर चढवला की तो बहुधा तिथे लागतो. या कामाला अर्धा तास पुरतो आणि तो अर्धा तास ज्याला देववत नाही, त्याने रानवाटेवर दुसऱ्याची गाडी आपल्यामागे अडकवू नये.

तिसरी चूक नटांची आणि मधल्या भोकाची. जिम्नीची पाच बोल्टची, १३९.७ मिलिमीटर पीसीडीची (बोल्टच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाची) जुळणी आणखी काही गाड्यांना आहे, त्यामुळे उतरवलेल्या रिम स्वस्तात मिळतात आणि "बोल्ट बसले म्हणजे रिम बसली" असे समजले जाते. जिम्नीच्या हबला रिमचे मधले भोक १०८ मिलिमीटरचे लागते. ते मोठे असेल, तर रिम हबवर मधोमध बसत नाही आणि ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते. मग माणूस चारचार वेळा बॅलन्सिंग करून घेतो. दोष वजनात नसतो, रिमच्या बैठकीत असतो. भोकातली मोकळी जागा भरणारी योग्य मापाची रिंग घातली की थरथर थांबते. नटांचेही तसेच : उतरत्या कोनाच्या भोकाला गोल बुडाचा नट लावला, तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो आणि हळूहळू ढिला होतो. मी नट टॉर्क पान्याने, माहितीपुस्तिकेतल्या आकड्याला आवळतो आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासतो. स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवण्यासाठी हब आणि रिम यांमध्ये घालायची चकती, मी कोणाच्याही गाडीला बसवत नाही.

मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे मोठ्या ठोकळ्यांच्या नक्षीचे टायर घ्यावेत का? विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत नेहमीचे जाणे असेल, तर अवश्य घ्यावेत, कारण ती माती बारीक नक्षीत थापली जाते आणि टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतो. परंतु शनिवार-रविवारी घाटातून कोकणात उतरणाऱ्याचे बहुतेक अंतर ओल्या डांबरावर कापले जाते, आणि तिथे मोठ्या ठोकळ्यांचा टायर कमी धरतो, उशिरा थांबतो. त्याला डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा ऑल टेरेनच योग्य.

काही गोष्टी थोडक्यात. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२ वा आठवडा, आणि असा टायर "नवीन" म्हणून घेऊ नये. भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मूळच्या ९६ पेक्षा, म्हणजे चाकामागे ७१० किलोपेक्षा, कमी नसावा. पुढे एका मापाचे आणि मागे दुसऱ्या मापाचे टायर ठेवून फोर हाय (चारही चाकांना ताकद देणारा नेहमीच्या वेगाचा गिअर) लावला, तर ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, विनाकारण ताण येतो. मूळ रचनेत केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसतो का, हेही आधी पाहावे. चिखलात मी हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवतो, त्याखाली नाही, कारण साध्या रिमवरून टायरची कड सुटते. आणि कॉम्प्रेसर सोबत नसेल, तर हवा उतरवतच नाही.

स्टेपनीचा विचार सगळ्यांत शेवटी होतो, तो सुरुवातीला व्हायला हवा. चार चाके मोठी आणि पाचवे जुने ठेवले, तर पंक्चर झाल्यावर फोर बाय फोर वापरता येत नाही, म्हणजे जिथे त्याची गरज आहे नेमकी तिथेच. पाचवे चाकही मोठे घेतले, तर ते मागच्या दारावर टांगले जाते आणि खडबडीत वाटेवर त्याचे वाढीव वजन बिजागऱ्यांवर आदळत राहते. म्हणून रिम निवडताना मी पाचही चाकांचे वजन विचारतो, आणि नवी स्टेपनी लावल्यावर दार अर्धे उघडून हाताने वर उचलून पाहतो. बिजागरीत किंचितही खेळ जाणवला, तर हलकी रिम शोधतो.