पिकअप घेताना गाडी आवाज करते? पार्ट बदलायच्या आधी या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात माझ्या गाडीतून पिकअप घेताना खर्रर्र असा आवाज यायला लागला, बरोबर 2000 आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) आसपास, त्याच्या खाली नाही आन् वर गेलं की पुन्हा बंद. एका गॅरेजवाल्याने दोन मिनिटं ऐकलं आन् म्हणाला इंजिनचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसते ते रबरी माउंट) गेलं भाऊ, बदलावं लागते. बदललं, आवाज जसाच्या तसा. शेवटी वाडीतल्या एका जुन्या मिस्त्रीने थंड गाडी लिफ्टवर घेतली, खालून सायलेंसरच्या पाइपवर मुठीने थाप मारली आन् तोच खर्रर्र निघाला. हीट शिल्डचा, म्हणजे पाइपची उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा, बोल्ट गंजून तुटला होता, पत्रा पाइपला लागून थरथरत होता. एक लांब स्टीलचा क्लॅम्प आवळला, काम झालं.

म्हणून पहिली चूक हीच, आवाज कुठून येऊन राहिला ते न शोधता पार्ट बदलणं. आधी गाडी उभी करा, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस द्या. उभ्या गाडीतही तोच आवाज आला तर भानगड इंजिन, बेल्ट नाहीतर सायलेंसरच्या बाजूची. उभ्यात नाही आला तरी इंजिनचा दोष नाही असं लगेच समजू नका, काही आवाज लोड आल्यावरच निघतात, पण मग चाक, एक्सल, गिअरबॉक्सपण बघावं लागते. चालत्या गाडीत 60 च्या स्पीडवर अॅक्सिलरेटरवरचा पाय सोडून बघा. पाय सोडला तरी घूंऽऽ चालूच आन् फक्त स्पीडसोबत कमी होते, तर टायर किंवा व्हील बेअरिंग. मोकळ्या रोडवर हलकं उजवीकडे वळवलं की वजन डाव्या चाकांवर येते, तेव्हा घूं वाढला तर बहुतेक डावीकडचं बेअरिंग.

आता आपल्या नागपूरची खास चूक. शहरात जिकडेतिकडे सिमेंट रोड झाले, समृद्धीवरही काँक्रीटच, आन् सिमेंटवर टायरचा आवाज डांबरापेक्षा जास्त येते, जॉइंटवर धपधप वेगळीच. लोक त्यालाच बेअरिंग समजतात. टेस्ट डांबरी रोडवरच करा, टायरची हवा बघून, एसी आन् गाणे बंद करून. काचा खाली घेऊन फ्लायओव्हरच्या कठड्याजवळून गेलात तर आवाज भिंतीला आपटून परत येते, कोणत्या बाजूचा ते लवकर कळते. बाजूला बसलेल्याला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा, गिअर आन् आरपीएमपण बोलायला लावा, गॅरेजमध्ये गेल्यावर नेमका आवाज गायब असते.

दुसरी चूक मे महिन्यातली. 45 डिग्रीत, एसी चालू, चार माणसं बसलेली, मानकापूरच्या फ्लायओव्हरवर चढताना पाचव्या गिअरमध्ये 40 वर पूर्ण पाय दाबायचा आन् मग इंजिन कडकड करून राहिलं म्हणायचं! हे नॉकिंग. सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण नको तेव्हा भडकते, गरम हवा आन् कमी आरपीएमवरचा लोड दोन्ही त्याला कारण. एक-दोन गिअर खाली घ्या. तरीही कडकड राहिली तर कूलंट, स्पार्क प्लग, कार्बन तपासून घ्या, नुसतं महागडं पेट्रोल भरत बसू नका. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र पाय काढा आन् गाडी बाजूला घ्या, तशीच पळवली तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेंसरच्या लाइनमधला धूर साफ करणारा पार्ट) जळू शकते.

बेल्ट चींऽऽ करते म्हणून त्यावर ऑइल नाहीतर स्प्रे मारणारे खूप आहेत. हे अजिबात करू नका, दोन दिवस शांत राहील, मग रबर फुगते, बेल्ट घसरते. बेल्टवर लांबूनच थोडं पाणी शिंपडून बघा. चींऽऽ वाढली तर ताण कमी, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा पार्ट) बघा. चींऽऽ थोडा वेळ थांबून परत आली तर पुल्या एका लाइनीत आहेत का बघा. चालू इंजिनमध्ये हात, ओढणी, गळ्यातला गमछा बेल्टच्या जवळ नको.

वळताना पिकअप दिला की टकटकटक? एक्सलचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक वळलं तरी त्याला फिरवत ठेवणारा जोड. चाकाच्या आतल्या बाजूला वाकून बघा, रिमवर काळं ग्रीस उडालेलं दिसलं म्हणजे बूट (जॉइंटवरचं रबरी कव्हर) फाटला. तेव्हाच बूट आन् ग्रीस बदललं तर कमीत भागते, पण टकटक सुरू झाली म्हणजे धूळ आत जाऊन जॉइंट घासला, मग बूटाने काम होत नाही.

आन् ज्या आवाजाकडे कधीच दुर्लक्ष करू नका तो म्हणजे थंड गाडीत फटफट, गरम झाल्यावर कमी होणारा, पिकअपला वाढणारा. मॅनिफोल्ड (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) किंवा सायलेंसरच्या पाइपचा लीक असू शकते. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसते. काचा बंद, एसी चालू, मागच्या सीटवर लेकरं झोपलेली, आन् समृद्धीवर तासन् तास प्रवास, मला तर विचार करूनच धडकी भरते. डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर काचा उघडा, गाडी थांबवून सगळ्यांना बाहेर काढा, आन् लीक बंद होईपर्यंत लांबचा प्रवास काढू नका. खाली वाकून स्वतः बघायचं असेल तर गाडी नुसत्या जॅकवर घेऊन खाली शिरू नका, स्टँड लावा नाहीतर सरळ लिफ्टवाल्या गॅरेजमध्ये न्या.