अडेनियमचा कुजलेला बुंधा वाचवला

अडेनियम म्हणजे फुगीर बुंध्यात पाणी साठवणारं शोभेचं झाड. पावसाळ्यात त्याची पानं पिवळी पडून गळली की रोप तहानलंय समजून आणखी पाणी घातलं जातं. घात तिथंच होतो. आधी बुंधा अंगठ्याने दाबून पाहा. पिचपिचीत लागला तर कूज.

रोप उपटून मुळं धुतली. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने सडका भाग कापत गेलो, आतला गर कच्च्या बटाट्यासारखा पांढरा दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका जरी राहिला तरी कूज पुन्हा वर चढते. (चीक विषारी, हातमोजे घालाच.) कापावर कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची भुकटी चोळून रोप 10 दिवस सावलीत टांगलं.

नव्या कुंडीत 2 भाग जाड वाळू, 1 भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), 1 भाग विटेचे वाटाण्याएवढे तुकडे. शेणखत इतक्यात नको. पहिलं पाणी आठवड्याने, आणि कुंडी पत्र्याखालीच.