उन्हाळ्यात आधी पश्चिमेची भिंत झाका

रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात ती तव्यासारखी गरम लागते. विटांची भिंत दुपारभर ऊन पिते आणि ती उष्णता काही तासांनी, नेमकी झोपायच्या वेळी, खोलीत सोडते.

मेमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला लहानसा छज्जाही पुरतो. चारनंतर मात्र तिरपं ऊन पश्चिमेकडून छज्ज्याखालून थेट आत शिरतं. तिथे सावली उभीच हवी आणि ती भिंतीच्या बाहेर हवी. आतल्या पडद्याचा उपयोग कमी, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेलं असतं. बांबूचा तट्ट्या किंवा हिरवी जाळी भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून बांधा, म्हणजे मधून वारा खेळतो. मांडवावर मधुमालती चढवली तर फारच छान.

झाड लावायचं तर कडुनिंब लावा. तो शिशिरात पानं गाळतो, पण कडक ऊन सुरू होईपर्यंत पुन्हा हिरवागार होतो. सागाचं उलटं, ऐन उन्हाळ्यात तो उघडाबोडका. झाड भिंतीपासून पुरेसं लांब लावा, मुळं पायात शिरता कामा नयेत.

आणि कृपा करून अख्ख्या अंगणाला पेव्हर ब्लॉक बसवू नका! खिडकीसमोर तरी माती राहू द्या. संध्याकाळी तिथे सडा घातला की येणारी झुळूक गार होऊन येते.