गावाकडून पुण्यात इंजिनिअरिंगला येणाऱ्या लेकरांसाठी

मी २०१२ ला औशाजवळच्या एका खेड्यातून पुण्याला आलो, मेकॅनिकलला. रात्रीची ट्रॅव्हल्स पहाटे पाचला हडपसरला सोडून गेली, सोबत एक बॅग, गादीची वळकटी आणि आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. आता चाकणला नोकरी आहे, इथंच घर झालं, आणि दरवर्षी कॅप राउंड (प्रवेशाच्या सरकारी फेऱ्या) संपले की गावाकडून फोन सुरू होतात, पोराला पुण्यात कॉलेज लागलंय जरा सांगा त्याला. म्हणून यंदा सगळं नीट टाइप करून ठेवतोय.

आधी कागदपत्रं, कारण इथंच सगळ्यात जास्त पैसे बुडतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, कास्ट सर्टिफिकेट, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेयर, जे जे तुम्हाला लागू आहे त्याच्या पाच-पाच झेरॉक्स आणि मोबाइलमधे स्कॅन. ओरिजिनल कॉलेजला जमा केले की पोच घ्यायचीच. महाडीबीटीचा (स्कॉलरशिपची सरकारी वेबसाइट) फॉर्म स्वतः भरा, कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका, आणि आधार ज्या बँक खात्याला जोडलंय ते खातं चालू आहे का ते गावाहून निघायच्या आधी बघा, स्कॉलरशिप तिथंच येते आणि खातं बंद पडलेलं असलं की वर्षभर हेलपाटे. आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, तरी अजून कितीतरी बाप मुलीच्या फीसाठी कर्ज काढायला निघतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या मुलांना राहण्या-खाण्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, एससीच्या ज्या मुलांना सरकारी हॉस्टेल मिळालं नाही त्यांना स्वाधार योजनेची मदत आहे. कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला जाऊन विचारा, एकदा नाही सांगितलं तर परत जा.

रूमचं म्हणाल तर पहिलं वर्ष शक्यतो कॉलेजचं हॉस्टेलच घ्या. नाही मिळालं तर कॉट बेसिसवर (खोलीत फक्त एक कॉट भाड्यानं) बघा, पण फोटो बघून ऑनलाइन डिपॉझिट कधीही पाठवू नका, आधी जा, पाणी किती वाजता येतं ते तिथं राहणाऱ्या पोरांना विचारा (मालकाला नाही), डिपॉझिटची पावती घ्या. मेस लावताना पहिले दोन दिवस पैसे देऊन जेवून बघा आणि खाडे किती धरतात ते आधीच ठरवून घ्या. दिवाळीला गावी गेलात आणि खाडे सांगून ठेवले नसतील तर न जेवता पैसे जातात. बऱ्याच मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात हेही लक्षात ठेवा.

आता अभ्यास. आपण लातूरकडची पोरं एका विशिष्ट सवयीनं वाढलेली असतो. रोज टेस्ट, रोज पेपर चेक, सर घरी फोन करून सांगतात पोरगं आज आलं नाही. इथं ते सगळं एका दिवसात संपतं. तुम्ही लेक्चरला बसलात काय नि रूमवर झोपलात काय, सेमिस्टरच्या शेवटी ७५ टक्के हजेरीच्या खाली गेलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट लागेपर्यंत कुणी विचारत नाही. आणि तेव्हा टर्मवर्क, सह्या, सबमिशन सगळं एकाच आठवड्यात अंगावर येतं. जर्नल (प्रॅक्टिकलची वही) त्या त्या आठवड्यात लिहून सही घेतली तर हा त्रास निम्म्यावर येतो. ग्राफिक्सच्या (इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या) शीटला सगळे जीटी मारतात, काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट छापतात. निदान पहिल्या चार शीट स्वतः काढा. ऑर्थोग्राफिकवरून (समोरून, वरून, बाजूनं काढलेल्या चित्रांवरून) आयसोमेट्रिक (त्याच वस्तूचं तिरकं, उभं दिसणारं चित्र) डोळ्यासमोर उभं राहायला हातानेच काढावं लागतं, आज कंपनीत ड्रॉइंग वाचताना मला तेच कामाला येतं.

पुस्तकं अप्पा बळवंत चौकात सेकंडहँड मिळतात, पण घेताना पॅटर्न (कोणत्या वर्षीचा अभ्यासक्रम) बघा. आपल्या पुणे विद्यापीठात २०१२, २०१५, २०१९, २०२४ असे पॅटर्न बदलत आलेत आणि सीनियरनी प्रेमानं दिलेलं पुस्तक जुन्या पॅटर्नचं असलं की अर्धे युनिट वेगळेच निघतात.

आणि एम वन, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित. हे जरा सविस्तर सांगतो. मला बारावीला गणितात चांगले मार्क होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पार्शल डिफरन्सिएशन सुरू झालं, सर इंग्रजीतून भरभर शिकवायचे, दहावीपर्यंत मराठी मीडियम असल्यानं मला शब्द कळायचे पण वाक्य संपेपर्यंत फळा पुसलेला असायचा. विचारायची लाज वाटायची. वर्गातले शहरातले पोरं माना हलवायचे म्हणजे त्यांना सगळं कळतंय असं वाटायचं. युलर थिअरम, जेकोबियन, सगळं नुसतं वहीत उतरवून घेतलं, आणि रिझल्टला एम वन बॅक, म्हणजे नापास. मी घरी सांगितलं नाही. चार महिने सांगितलं नाही. वडील फोनवर विचारायचे रिझल्ट काय झाला, मी म्हणायचो अजून लागला नाही. त्या काळात मी कॉलेजला जाणं कमी केलं, मेसलाही उशिरा जायचो म्हणजे कुणी भेटू नये. शेवटी शेजारच्या रूममधल्या टीईच्या (थर्ड इयरच्या) एका दादानं स्वतःहून विचारलं, बॅक आहे ना तुझा? त्यालाही एफईला (फर्स्ट इयरला) तोच लागला होता. त्यानं रोज रात्री जेवण झाल्यावर एक तास असं तीन आठवडे मला शिकवलं, मराठीतून, आणि नंतर त्याचंच उत्तर इंग्रजीत लिहून घेतलं. एम वन निघाला. वडिलांना मग सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, आधी सांगितलं असतं तर मी येऊन गेलो असतो ना रे.

माझं नुकसान त्या एका विषयानं झालं नाही, त्या चार महिन्यांच्या लपवालपवीनं झालं. दुसऱ्या सेमिस्टरचे पहिले युनिट त्यातच हातातून गेले. म्हणून लेकरांनो, बॅक लागला तर त्याच रात्री घरी फोन करा. एक-दोन विषय राहिल्यानं सेकंड इयर अडत नाही, पण एफईचे सगळे विषय सुटल्याशिवाय टीईला जाता येत नाही, वायडी (इयर डाउन, म्हणजे वर्ष वाया) लागतो, म्हणून लपवून ठेवलं की ते पुढं जास्त महागात पडतं. आणि लेक्चरला कळलं नाही तर सरांना केबिनमधे जाऊन मराठीत विचारा, बहुतेक सर मराठीतच समजावून सांगतात. एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या सरांची लेक्चरं फुकट आहेत, स्पीड कमी करून बघता येतात. ओरलला मात्र इंग्रजीत बोलायची सवय लावा, रूम पार्टनरसमोर रोज पाच वाक्यं बोलली तरी पुरतात.

रॅगिंगबद्दल एकच, सहन करायचं नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा होते. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, मोबाइलमधे आजच सेव्ह करा. पण या भीतीनं सगळ्याच सीनियरपासून लांब पळू नका, मला ज्यानं वर काढलं तोही सीनियरच होता.

बाहाची (गाडी बनवायच्या स्पर्धेची) टीम, रोबोकॉन (रोबोटची स्पर्धा), नाटकवाल्यांचा पुरुषोत्तम (एकांकिका स्पर्धा), यातलं एक काहीतरी सेकंड इयरला धरा, एफईला नुसतं बघून ठेवा. प्लेसमेंटचं एफईला डोक्यात घेऊ नका, फक्त एवढं माहीत असू द्या की बऱ्याच कंपन्या ६० टक्के आणि लाइव्ह बॅकलॉग (अजून न सुटलेला विषय) नको असं बघतात.

पहिले दोन महिने घरची आठवण येते, सगळ्यात जास्त रविवारी संध्याकाळी, मेस बंद आणि रूम पार्टनर आपल्या गावी गेलेला. त्या संध्याकाळी एकटं बसू नका. माझा नंबर तुमच्या वडिलांकडे आहे. फोन करा आणि चाकणला या, आमच्याकडे रविवारी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असतेच.