टायफून येतोय: माग काढताना आणि मदत पाठवताना या चुका टाळा

टायफून म्हणजे पश्चिम पॅसिफिकमधलं चक्रीवादळ. त्याच्या नकाशावर सगळ्यांची नजर मधल्या रेघेवर खिळते. "रेघ दोनशे किलोमीटर लांबून जातेय, आपण सुटलो" हा हिशेब जिवावर बेततो. रेघ फक्त वादळाच्या केंद्राची असते. जपानच्या हवामान संस्थेच्या नकाशात पुढच्या दिवसांसाठी वर्तुळं काढलेली असतात. केंद्र त्या वर्तुळात येण्याची शक्यता ७० टक्के. वर्तुळ मोठं दिसलं तर अंदाज तेवढा सैल आहे, एवढंच समजा. वारा-पाऊस त्याच्याही बाहेर पसरलेला असतो. उत्तर गोलार्धात मार्गाच्या उजव्या अंगाला वाऱ्याचा जोर जास्त, म्हणून आपलं गाव कोणत्या बाजूला येतं तेही बघा.

आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. २०१३ मध्ये फिलिपिन्सला झोडपणाऱ्या हैयान टायफूनचा वारा जपानच्या हिशेबाने ताशी २३० किलोमीटर, तर अमेरिकी लष्करी केंद्राच्या हिशेबाने ३१५. जपान दहा मिनिटांची सरासरी धरतं, अमेरिकी केंद्र एका मिनिटाची. त्यातच फिलिपिन्सची पागासा ही हवामान संस्था वादळांना स्वतःची नावं देते. तिथे हैयान म्हणजेच योलांडा. यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, तिच्यात आठ तास मिळवायला विसरलात, तर फिलिपिन्समधल्या माणसाचा तयारीचा हिशेब आठ तासांनी चुकतो.

सगळ्यात महाग पडलेली चूक मात्र शब्दाची होती. ८ नोव्हेंबर २०१३ ला हैयानमुळे फिलिपिन्सच्या टाक्लोबान शहरात समुद्र आत घुसला. 'स्टॉर्म सर्ज'चा, म्हणजे वादळाने समुद्राचं पाणी फुगून किनाऱ्यावर चढण्याचा, इशारा आधी दिलेला होता, पण त्याचा अर्थ अनेकांना उमगलाच नाही. त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. त्या वादळात ६,३०० हून जास्त माणसं गेली. कित्येक जण तर निवारा केंद्रातच बुडाले. म्हणून दारोदार सांगताना डोळ्यांपुढे उभं राहील असं सांगा: "पाणी घराच्या छपरापर्यंत चढेल, आत्ता टेकडीवर चला." आणि निवारा निवडताना भिंती नुसत्या ठोकून बघू नका, जमीन समुद्रापासून किती उंच आहे ते आधी विचारा.

वारा एकदम पडला तर बाहेर येऊ नका. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावर असेल, तर थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने झोडपतो.

कमी वाऱ्याचं वादळ सोपं, असंही धरू नका. २००९ चं केत्साना वादळ फिलिपिन्सच्या लुझोन बेटावरून गेलं तेव्हा टायफूनच्या दर्जालाही पोचलं नव्हतं. तरी मनिला परिसरात २४ तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस कोसळला.

आता मदत. न विचारता पाठवलेले कपड्यांचे ढीग जागा अडवतात, आणि ते निवडायला माणसं लागतात, तीही नेमकी त्याच वेळी. तांदळाची पोती जातात, पण पातेलं आणि सरपण जात नाही. ताडपत्री जाते, दोरी, खिळे विसरतात. बाटलीबंद पाण्याचा हिशेब तर एकदा कागदावर मांडाच. प्यायला, रांधायला, धुवायला मिळून माणशी रोज १५ लिटर, म्हणजे अडीचशे माणसांना ३,७५० लिटर. एवढं बाटल्यांनी पुरत नाही, टँकर आणि पाणी शुद्ध करायची सोय लागते. बाजार सुरू असेल तिथे रोख पैसे द्या.

खोक्यात एकाच प्रकारचा माल भरा आणि काय, किती, कधीपर्यंत चालेल ते चारही बाजूंनी लिहा. निवाऱ्याच्या नोंदवहीत नुसती डोकी मोजू नका. इन्शुलिन कुणाला लागतं, कुणाचे दिवस भरत आलेत, अंथरुणावरून कोण उठू शकत नाही, हे पहिल्याच पानावर लिहा.